हात पोचेपर्यंत

डॉन लालोने उजव्या हातात घातलेलं मुष्टियुद्धाच्या सरावाचं पॅड पिठाच्या थाळीत दाबलं, फुंकर मारून जास्तीचं पीठ उडवलं आणि ओदिलियाच्या कपाळाचा नेम धरून हात सोडला. ती गुडघ्यांत किंचित वाकली, डोकं बाजूला सरकलं, आणि पॅड तिच्या कानावरच्या केसांना चाटून पुढे गेलं.

"इकडे ये."

ती पुढे येऊन मान वाकवून उभी राहिली. लालोने एक पॅड काढून काखेत धरलं आणि उवा बघाव्यात तसे तिचे केस बोटांनी बाजूला केले. कानाच्या वर पांढरी रेघ उमटली होती. कानाला काही नाही, कपाळाला काही नाही.

"हं," तो म्हणाला.

याहून मोठी शाबासकी त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेली नाही.

ठोसा कसा मारावा हे शिकवणारे सान अँटोनियोत पैशाला पासरी मिळतात. लालो म्हणायचा, ते काय शिकवायचं, बायको चिडली की कुणाकडे न शिकताही तिला ते येतं. तो शिकवायचा ठोसा न खाण्याची विद्या. बर्फाच्या जुन्या कारखान्यात त्याची जिम होती आणि तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत खांद्याच्या उंचीवर एक दोरी बांधलेली होती. तिच्याखालून डोकं या बाजूने त्या बाजूला काढत पुढे जायचं आणि तसंच मागे यायचं. छताला मक्याच्या दाण्यांची मुठीएवढी पिशवी टांगलेली. ती ढकलायची आणि झोका घेऊन परत आली की नाकासमोरून जाऊ द्यायची. हे जमलं की मग पिठाची पाळी. मक्याचं बारीक पीठ, त्याची बायको आम्पारो तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, करायला दळून आणायची तेच. आपल्या डब्यातलं पीठ जातं कुठे हे तिला चांगलं ठाऊक होतं, पण नवऱ्याला चोरीचा आनंद मिळावा म्हणून ती गप्प राहायची.

पिठाचा नियम साधा होता. कपाळ पांढरं झालं, तर सरळ घरी जा. डोकं अगदीच कोरं राहिलं, तर तू भित्री. इतकी लांब पळालीस की तिथून तुला उलटा ठोसा मारता येणार नाही. आणि फक्त केस पांढरे झाले, तर तू डॉन लालोची. "केसाला लागू दे, कातडीला नको," एवढंच तो सांगायचा, आणि त्यातच त्याचं सगळं शास्त्र आलं.

"घामाचं मीठ लागलेलंच असतं, वरून पीठ," चेंचो म्हणायचा. "या जिममधून बाहेर पडणाऱ्याला तळायला नुसतं तेल तापवायचं बाकी."

चेंचो लालोचा जुना चेला. आता पन्नाशीचा, नाक असं बसलेलं की त्यावर चष्मा टिकत नाही. जिमच्या किल्ल्या त्याच्याकडे, लढतीच्या दिवशी पाण्याची बाटली त्याच्याकडे आणि दिवसभर बडबड करण्याचं कामही त्याच्याकडेच.

डोकं वाचवण्याचं हे वेड लालोला का लागलं, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. त्याचा थोरला भाऊ फिदेन्सियो एके काळी फार नावाजलेला होता. तो डोकं कधी हलवायचा नाही. समोरचा मारायचा, हा खायचा, हसायचा आणि पुढे सरकायचा. लोक खुर्च्यांवर उभे राहून त्याच्या नावाने ओरडायचे. आता तो लालोच्या घरामागे पेकानच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलेला असतो आणि त्याच्या शर्टाची बटणं आम्पारो लावते. कधी कधी तो लालोलाच विचारतो, लालो कुठे गेला? लालोने मुष्टियुद्ध सोडलं नाही, पण त्या ओरडण्यावरचा त्याचा विश्वास कायमचा उडाला.

ओदिलिया बारियेन्तोस त्याच्याकडे आली तेव्हा तिचे पुढचे दात नुकतेच सरळ होत होते. आता ती चोवीस वर्षांची होती, दिवसा मामाच्या टायरच्या दुकानात गाड्यांची चाकं उतरवायची आणि संध्याकाळी जिममध्ये यायची. तिच्यासारखं डोकं लालोने कुणाच्या खांद्यावर पाहिलं नव्हतं. टेक्सासच्या विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी तिची लढत ठरली होती, येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी, कॉर्पस क्रिस्तीच्या येसेनिया ओलिवारेसशी. येसेनियाचा डावा हात न सांगता येतो, असं सगळे म्हणायचे. तिच्याशी लढून आलेल्या दोघी मुली अजून पहिल्यासारख्या बोलत नव्हत्या.

त्या संध्याकाळी लालोने लारेदोहून ग्रिसेल्दा नावाची मुलगी सरावासाठी बोलावली होती. शाळेत जाणारी, दातांना तारा लावलेली, सोबतीला मावशी. ती रिंगमध्ये उतरली तेव्हा चेंचो हळूच म्हणाला, "हिला जपून हो ओदी, उद्या तिची गणिताची परीक्षा आहे."

पहिल्याच मिनिटाला ग्रिसेल्दाचा सरळ हात ओदिलियाच्या नाकावर बसला. सगळ्यांना वाटलं, चुकून लागला. मग आणखी एक बसला. डोकं निघत होतं, योग्य दिशेला निघत होतं, पण ठोसा येऊन गेल्यावर, पाहुणा निघून गेल्यावर त्याला दाराशी पोचवायला उठावं तसं. फेरी संपल्यावर ग्रिसेल्दा घाबरून मावशीकडे बघायला लागली. आपलं काही चुकलं की काय असं तिला वाटत होतं.

लालो दोरीपाशी आला.

"झोप झाली होती?"

"झाली होती."

"जेवलीस?"

"जेवले."

"मग डोकं कुठे ठेवून आलीस? टायरच्या दुकानात?"

ओदिलियाने दात वाचवायला तोंडात घातलेला रबर काढला. खालच्या ओठाला रक्त होतं. "उशीर होतोय मला," ती म्हणाली.

"ते आंधळ्यालाही दिसतंय. का होतोय?"

ती त्याच्याकडे न बघता मनगटाच्या पट्ट्या सोडायला लागली. चेंचोने एकदा लालोकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि नको तिथे तोंड चालवणारा तो माणूस त्या वेळी पाण्याची बाटली शोधायला गेला.

पुढचे काही दिवस लालोने हाताला लागेल तो उपाय केला. तिचा फोन काढून घेऊन चेंचोच्या कपाटात टाकला. शनिवारचा नाच बंद केला. टायरच्या रबराच्या वासाने डोकं जड होतं असं कुणीतरी सांगितलं, तर मामाशी भांडून तिला सुट्टी मिळवून दिली. तिला कुणी प्रियकर आहे का याची चौकशी केली, नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान दोष द्यायला माणूस मिळाला असता. शेवटी तो तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. तिने भिंतीवरची सगळ्यात बारीक ओळ वाचली आणि तिच्या खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. लालोला तिथे नाव आहे हेच दिसलं नव्हतं.

आणि गंमत अशी की पिठाच्या परीक्षेत ती रोज पास होत होती. रोज कानावर पांढरी रेघ, रोज लालोचं "हं". मक्याची पिशवी तर तिला शिवतही नव्हती. पॅडवर सोनं आणि रिंगमध्ये माती. ग्रिसेल्दा पुन्हा आली आणि पुन्हा मारून गेली. या वेळी तिने घाबरून मावशीकडे बघितलंही नाही.

"लढत रद्द करा," चेंचो एकदा म्हणाला.

"कारण काय सांगू? पोरीला उशीर होतो म्हणून?"

"गुडघा दुखतो म्हणा. डोकं एकच असतं, डॉन लालो."

हे लालोला कुणी सांगायची गरज नव्हती. रोज सकाळी तो अंगणात फिदेन्सियोसमोर कॉफीचा पेला ठेवायचा आणि भावाची बोटं पेल्याभोवती चाचपडताना बघायचा. त्या आठवड्यात त्याला त्या बोटांच्या जागी ओदिलियाची बोटं दिसायला लागली, चाकाचे नट फिरकीसारखे झरझर काढणारी. त्याला भीती वाटत होती. आपण काय चुकीचं शिकवलं हे त्याला समजत नव्हतं, आणि समजल्याशिवाय तिला तिथे उभं करायची त्याची छाती होत नव्हती.

रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याने नेहमीप्रमाणे बार्बाकोआ आणला, रात्रभर शिजवलेलं मऊ मांस, कागदातून वाफ निघणारं. आम्पारोने तव्यावरच्या तोर्तिया फडक्यात गुंडाळल्या, कॉफी ओतली आणि कप पुढे केला. लालोने टेबलावरचा हात उचलला.

कप हवेत स्थिर होता. लालोचा हात टेबलावरून निघाला, मिरचीच्या वाटीवरून गेला, आणि कप तसाच थांबलेला. त्याची बोटं कपाच्या कानाला लागली तरी आम्पारोने तो सोडला नाही. तिने आधी त्याच्या बोटांकडे बघितलं, ती मिटल्याची खात्री केली आणि मग सोडला.

"धरलाय ना मी," तो म्हणाला. "एवढी कसली वाट बघतेस?"

"नीट धरलास की सोडते."

"केव्हापासून?"

"झालं की वर्ष. माझ्या आईचे निळे कप फुटल्यापासून."

"ते मांजराने फोडले."

"आपल्याकडे मांजर कुठाय, म्हाताऱ्या?"

लालोने कप खाली ठेवला. आम्पारो बार्बाकोआवर लिंबू पिळत होती. तिच्या चेहऱ्यावर थट्टाही नव्हती आणि काळजीही नव्हती.

"म्हणजे माझा हात मंद झालाय, असं म्हणायचंय तुला?"

"मी कुठे काय म्हणतेय? तुझा हात यायचा तेव्हा येतो. मी थांबते. त्यात काय एवढं मोठं?"

ती सहज बोलून गेली, पण लालोची भूक मेली. त्याने हात टेबलावर पालथा ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला. हात नेहमीसारखाच दिसत होता.

सोमवारी ओदिलियाने दोरीखालून चार फेऱ्या मारून अंग मोकळं केल्यावर लालोने तिला पिठासाठी बोलावलं. चेंचो जवळच बाकावर बसून पट्ट्यांच्या गुंडाळ्या करत होता. लालोने पहिला हात नेहमीसारखा सोडला. कानावर रेघ. दुसरा हात त्याने मुद्दाम सावकाश नेला, भिंतीला रंग देणारा ब्रश फिरवतो तसा. असा ठोसा चुकवायला मुष्टियुद्ध शिकावं लागत नाही. फिदेन्सियोनेही चुकवला असता. ओदिलियाचं डोकं सरकलं आणि पॅड पुन्हा केसांना चाटून गेलं, मघाशी जिथे रेघ होती तिथेच, एक बोटही इकडे तिकडे नाही.

तिसरा हात लालोने अर्ध्यात थांबवला.

पॅड तिच्या कपाळापासून वीतभर अंतरावर होतं. डोकं तिथेच होतं. गुडघे सैल, मान मोकळी, नजर त्याच्या खांद्यावर, सगळं त्याने शिकवलं तसं. फक्त ती जात नव्हती. ती त्याच्या हाताची वाट बघत होती.

पॅडवरचं थोडं पीठ खाली सांडलं. मग ओदिलियाची नजर त्याच्या खांद्यावरून त्याच्या चेहऱ्यावर आली आणि आपण पकडले गेलो हे तिला कळलं.

"केव्हापासून?" लालोने विचारलं. दोन दिवसांत हा प्रश्न तो दुसऱ्यांदा विचारत होता.

"असंच."

"केव्हापासून, पोरी?"

"नाताळच्या आसपास." ती जमिनीकडे बघत बोलत होती. "माझे केस कोरे राहायला लागले होते. तुम्ही म्हणालात, लांब पळतेस, भित्री झालीस. मी लांब पळत नव्हते, डॉन लालो. तेवढीच जात होते. पण तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मग मी जरा थांबून बघितलं. तर लागलं पीठ, आणि तुम्ही हं म्हणालात."

"आणि मग थांबतच राहिलीस."

"मला वाटलं, फक्त तुमच्यापुरतं थांबीन. रिंगमध्ये मनाला सांगते की लवकर जा. पण डोकं ऐकत नाही. त्याला सवय लागली."

लालो चेंचोकडे वळला. "तुला माहीत होतं?"

चेंचोने हातातली गुंडाळी सोडून पुन्हा गुंडाळायला घेतली.

"चेंचो."

"अख्ख्या जिमला माहीत होतं."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं? एरवी तर बंद होत नाही."

"तुम्हाला सांगणार कोण? मी? मला तुम्ही अजून सिगारेटी आणायला पाठवता."

लालोला राग यायला हवा होता आणि तो काही क्षण रागाची वाटही बघत राहिला. आली ती लाज. इतकी वर्षं तो पोरांना सांगत आला होता की डोकं वाचवा, बाकी सगळं परत मिळतं. आणि या पोरीने सहा महिने आपलं डोकं त्याच्या हातासमोर धरून ठेवलं होतं, म्हाताऱ्याचा हात हवेत जाऊ नये म्हणून. तो रिंगच्या पायरीवर बसला. पॅड काढताना एक अडकलं, तर ओदिलिया मदतीला पुढे झाली. त्याने तिचा हात बाजूला केला.

"माझी मर्जी राखायला डोकं नाही दिलं देवाने तुला," तो म्हणाला.

"मर्जी नाही. तुमचा चेहरा पडायचा."

"पडू दे की! काय काचेचा आहे, पडला तर फुटेल?" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की दोरीखाली सराव करणारे थांबले. मग आवाज खाली आणून त्याने पॅड चेंचोपुढे धरले. "घाल. शनिवारपर्यंत तू."

"मला तो नको," ओदिलिया म्हणाली. "तो पॅड घातले की गप्पा मारतो."

"आता नाही मारणार," चेंचो म्हणाला. आणि खरंच, त्या आठवड्यात पॅड घातल्यावर तो अवाक्षर बोलला नाही.

पहिल्या दिवशी ओदिलियाचं कपाळ पांढरं झालं, नाक पांढरं झालं, एक भुवईसुद्धा पांढरी झाली. नियमाप्रमाणे तिला घरी पाठवायला हवं होतं. लालो पायरीवर बसून होता. "पुन्हा," एवढंच तो म्हणायचा. चेंचोचा हात फार चपळ होता असं नाही, पण तो कुणाची वाट बघणारा हात नव्हता, आणि त्याच्यावर तिची तेवढी मायाही नव्हती. दुसऱ्या दिवशी फक्त कपाळ. बुधवारी कानाचं टोक. ती जाताना आणि येताना लालोशी बोलत नव्हती. जणू काही त्याने तिला दुसऱ्याच्या घरी देऊन टाकलं होतं. त्याला फार एकटं वाटत होतं. पायरीवर बसल्या बसल्या त्याचे हात आपोआप हलायचे आणि तो ते मांड्यांखाली दाबून ठेवायचा.

गुरुवारी ग्रिसेल्दा आली. या वेळी तिचे ठोसे एकामागून एक हवेत गेले आणि शेवटी रडकुंडीला येऊन ती मावशीला म्हणाली, "ही तिथे असतच नाही!" चेंचो हसला. लालोने भिंतीकडे तोंड करून नाक पुसलं.

शनिवारी लढतीच्या जागी त्यांना कपडे बदलायला दिलेली खोली लहान होती, एक टेबल, दोन खुर्च्या आणि कुणाच्या तरी बुटांचा वास. बाहेर लोकांचा गलका होता. आधीची लढत संपत आली होती. चेंचोने ओदिलियाला पॅडवर घामेघूम केलं, तिच्या चेहऱ्याला व्हॅसलीन चोपडलं आणि मग पॅड काढून लालोपुढे धरले.

त्या जिमची रीत होती ती. रिंगकडे निघण्याआधीचा शेवटचा हात डॉन लालोचा. चेंचो लढायचा तेव्हाही तसंच, त्याच्या आधीच्यांचंही तसंच.

"नको," लालो म्हणाला.

"रीत आहे."

"रीत गेली खड्ड्यात. आत्ता पाच मिनिटांत ती येसेनियासमोर उभी राहील. आठवडाभर घासून जे काढलं ते मी पुन्हा लावू तिला?"

चेंचोने पॅड मागे घेतले नाहीत. त्याने ओदिलियाकडे बघितलं.

"घाला, डॉन लालो," ती म्हणाली. आठवडाभरात ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती.

त्याने घातले. पट्टे आवळताना त्याला कळलं की आपल्याला भीती वाटतेय, येसेनियाच्या डाव्या हाताची वाटावी त्याहून जास्त, आणि ती या पोरीच्या मायेची. ती चांगली आहे. नको तेवढी चांगली आहे. आज एवढ्या लोकांदेखत आपण म्हाताऱ्याला एकटं पाडलं, असं तिच्या मनात आलं आणि ती क्षणभर थांबली, तर तो क्षण तिच्याबरोबर रिंगमध्ये जाईल. तिने थांबू नये म्हणून आपल्या हातात एकच गोष्ट होती. त्याने पाय रोवले, खांदा मागे घेतला आणि सगळा जीव एकवटून हात सोडला, तरुणपणी सोडायचा तसा.

हात अर्ध्यावर पोचायच्या आधीच ती गेली होती. पॅड नुसत्या हवेतून गेलं. त्याच्या मागे हात गेला, हातामागे खांदा, आणि म्हातारा आपल्याच जोराने दोन पावलं पुढे धडपडत गेला. त्याच वेळी तिचा डावा हात त्याच्या बरगड्यांना अलगद टेकून परत गेलाही होता. चेंचो सावरायला पुढे झाला. ओदिलिया झाली नाही. ती वळून आपल्या जागी उभी राहिली होती, हात वर, नजर त्याच्या खांद्यावर, पुढचा ठोसा कधी निघतो ते बघत.

लालो टेबलाला धरून उभा राहिला. त्याला वाईट वाटलं. अगदी आतून वाईट वाटलं. आणि मग इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"पुन्हा," ओदिलिया म्हणाली.

त्याने हात सोडला. ती नव्हती. त्याने दुसरा सोडला, मग लगेच तिसरा. जिथे ती होती तिथे त्याचा हात पोचायचा आणि ती केव्हाच दुसरीकडे असायची. कपाळ सोडाच, केसही लागला नाही. चेंचो तोंड उघडं टाकून बघत राहिला.

दार वाजलं. कानाला हेडफोन लावलेला आयोजकांचा एक माणूस डोकावून म्हणाला, "बारियेन्तोस, चला."

चेंचोने तिच्या खांद्यांवर झगा टाकला, बाटली आणि बादली उचलली. ओदिलिया पायांवर उड्या घेत बाहेरच्या बोळात निघाली. बोळ लांब होता आणि पलीकडे दिवे होते. आता तिचा वेग फक्त तिचा होता; ती चालत नव्हती, जवळजवळ पळत होती. चेंचो तिच्या मागे. लालो निघाला तेव्हा त्या दोघांत आणि त्याच्यात बरंच अंतर पडलं होतं.

बोळाच्या मध्यावर चेंचोने मागे वळून बघितलं.

"डॉन लालो, तिला जरा थांबायला सांगू का?"

"खबरदार सांगशील तर," लालो म्हणाला, आणि पॅड काखेत मारून आपल्या चालीने त्यांच्या मागे निघाला.